विसावर एक पापड

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवालपवी नको. लोक आठवणी लिहायला बसले की त्यात स्वतः फार सज्जन असतात. मी नव्हते.

पापडाचं काम मी सुरू केलं तेव्हा ती आमच्या घरात आलीही नव्हती. पिंप्राळ्यात आमचं घर, पुढच्या खोलीत मी आणि शेजारच्या तिघीजणी लाटायला बसायचो. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार. दुपारी पीठ कांडायचं, तेलाचा हात लावून लाट्या करायच्या, संध्याकाळपर्यंत खाटांवर जुनी लुगडी पसरून त्यावर पापड सुकत घालायचे. शनिवारी दोन पिशव्या घेऊन मी एसटीनं वरणगावला जायची. तिथं फॅक्टरीची कॉलनी आहे, देशभरातली माणसं. पंजाबी बाई, बंगाली बाई, तमिळ बाई. मला त्यांची भाषा यायची नाही, त्यांना माझी. माझी हिंदी म्हणजे काय, ‘लेव ना, अच्छा है’ एवढीच. पण मी दारात बसायची, एक पापड मोडून हातावर ठेवायची, वीस मोजून द्यायची आणि वर एक ठेवायची.

हा वरचा पापड म्हणजे आमच्याकडची रीत. माझं माहेर धुळ्याकडचं. तिथं माप झालं की वर मूठभर टाकल्याशिवाय दाणे कुणी देत नसे. माझी आई म्हणायची, नेमकं मोजून द्यायचं ते वैऱ्याला. वरचं जे असतं ते मालात धरायचं नाही, ते माणसाला असतं. त्या बंगाली बाईनं पहिल्यांदा तो एकविसावा पापड परत केला होता, मी चुकले असं वाटून. मी तिच्या हाताची मूठ मिटवली आणि हसले. पुढच्या शनिवारी तिनं शेजारच्या चौघींना बोलावून ठेवलं होतं. माझा सगळा धंदा त्या एका पापडावर उभा राहिला असं मी मानत होते. चौघींच्या पंधरा जणी झाल्या, अर्ध्या माळवदावर पत्रा टाकून घेतला, ते सगळं त्यावर.

मग धाकटी आली. धुळे शहरातली, बाप मास्तर, इंग्रजी घेऊन बी.ए. अंगानं काडी, पण बोलायला लागली की समोरचा ऐकतच राही. आली तेव्हा तिला लाट्या करता येत नव्हत्या. मी खूश होते. म्हटलं, हिला शिकवू. तिनं महिन्याभरात लाट्या शिकून घेतल्या, वर दुकानदारांना पत्रं लिहायला लागली, पाकिटावर छापायचा मजकूर केला. मुंबईचा एक व्यापारी आमच्याकडून माल उचलू लागला तो तिच्या पत्रामुळे. भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, येताजाता म्हणे, “आमच्या घरात आता कंपनी आली.” मी मनात म्हणे, बाबा रे, मी सात वर्षं पिशव्या वाहिल्या तेव्हा कंपनी नव्हती का?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मुंबईच्या त्या व्यापाऱ्याबरोबर जर्मनीची एक बाई आली. तिकडे तिची आपल्या इथले डाळ-मसाले विकायची दुकानं होती आणि तिला पापड हवे होते. पन्नाशीची असेल, केस पांढरे आणि पुरुषासारखे कापलेले, पायात जाड बूट. ते तिनं न सांगता दारात काढले, एवढं मला आवडलं. तेवढंच.

थंडीचे दिवस. मी भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर कांद्याची पात आणि तेल. तिला पाटावर बसवलं. ती मुकाट्यानं जेवली, ताट अगदी स्वच्छ पुसून. रिकामं ताट बघून मी भाकरी वाढली. तिनं तीही संपवली. ती ‘नो’ म्हणाली, तरी मी पुन्हा वाढली. तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, तिखट लागलं असेल, म्हणून दही वाढलं. ते पण संपवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चौथी भाकरी घेऊन मी वाकले तर जावेनं माझ्या आणि ताटाच्या मध्ये हात घातला.

“अक्का, नका वाढू. ती नाही म्हणाली.”

“एकदाच म्हणाली. पाहुणा तीनदा म्हणतो.”

“त्यांच्यात एकदाच म्हणतात. आणि ताटात टाकणं त्यांच्यात वाईट, म्हणून ती बिचारी संपवतेय. तुम्ही वाढता म्हणून ती खाते, ती खाते म्हणून तुम्ही वाढता.”

मग ती त्या बाईला काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. पोट धरून हसल्या. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या पाटावर, माझ्या भाकरीवरून. भाकरी हातात घेऊन मी तशीच उभी. कुणी मला सांगितलं नाही काय बोलल्या ते. आज कळतं की हसण्यासारखंच होतं. तेव्हा माझ्या छातीत जे जळलं ते भरितातल्या मिरच्यांचं नव्हतं.

जेवण झाल्यावर बाई पुढच्या खोलीत आली. पंधरा जणी पदर नीट करून बसलेल्या. तिनं पिशवीतून पट्टी काढली. हो, शाळेतली पट्टी असते तशी! एकेक पापड उचलून मोजायला लागली. छोटा काटा काढून वजन केलं. वहीत लिहिलं. मग तोंडावर बोलली, आणि जाऊ जसंच्या तसं मराठीत सांगत गेली.

“ती म्हणते, चव फार चांगली आहे. पण हा एका बाजूनं जाड आहे. हा लहान आहे. या पापडाला केस चिकटलाय.”

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. आमच्यातली सर्वांत म्हातारी लाटणारी, साक्रीकडची, तिला सगळे माय म्हणायचे, ती तिकडच्या बोलीत पुटपुटली, “आपला हात काय साचा शे का वं? बठ्ठा एकसारखा कसा व्हई?”

मी जावेला बाजूला घेतलं. “आत्ताच तर माझं मीठ खाल्लं तिनं. आणि लगेच नावं ठेवते? तू तरी जरा गोड करून सांगायचंस.”

“गोड करून सांगितलं असतं तर केस कुणी शोधला असता, अक्का? ती नावं ठेवत नाहीये. तिला घ्यायचंय म्हणून सांगतेय. घ्यायचं नसतं तर छान छान म्हणून निघून गेली असती.”

मला ते पटलं नाही. आमच्यात उलटं असतं. आपलं माणूस असेल तर तोंडावर गोड बोलायचं आणि मग घरच्या कुणाकरवी हळूच कळवायचं.

शेवटी बाईनं सांगितलं, एका पाकिटात वीस पापड. पाकिटावर वीस छापायचं, आत वीस असायचे. वजन दोनशे ग्रॅम, थोडं इकडेतिकडे चालेल, पण वीस म्हणजे वीस. जावेनं मला विचारलं, “अक्का, जमेल?”

“हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “खरंच हो ना? पाहुणीला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?”

सगळ्यांसमोर. पंधरा बायकांसमोर. माझ्या ‘हो’ला तिनं पुन्हा विचारलं. आता खरं सांगते, ते ‘हो’ पाहुणीला बरं वाटावं म्हणूनच होतं. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची सवयच नव्हती मला. पण हे तिनं ओळखलं, याचा राग जास्त आला.

कामाला लागलो. रात्रीचं जागरण नाही काही, पण दिवस अख्खा त्यात. जावेनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं, ‘पाकिटात वीस. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.’ पाकिटं बंद करायचं पायानं चालवायचं यंत्र आणलं. त्याआधी आम्ही मेणबत्तीच्या जाळावर पाकिटाची कड चिकटवायचो. बायका आता काही अडलं की मला नाही, तिला विचारायच्या. ‘वहिनी, हा चालेल का?’ ‘वहिनी, तो बाजूला काढू?’ मी पलीकडे पीठ मळत बसलेली असायची आणि कुणी माझ्याकडे मान वळवत नसे. मी तिच्या साडीचा रंग, तिचं पेन, तिची सही करायची पद्धत, सगळं पाहायची. सही करताना ती शेवटी एक रेघ मारायची. ती रेघसुद्धा मला खुपायची.

अर्धी पाकिटं भरली आणि तिच्या बापाला बरं नाही म्हणून धुळ्याहून निरोप आला. ती पाच दिवस गेली. जाताना पुन्हा पुठ्ठ्याकडे बोट दाखवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटं भरायला बसले. वीस मोजले आणि माझा हात एकविसाव्याकडे गेला. सवयीनं गेला, असं मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण हात गेला तेव्हा मी थांबले होते. पुठ्ठा बघितला होता. मनात आलं, ती काय शिकवणार मला? दाराशी बसून बंगाली बाईला गिऱ्हाईक कुणी केलं? जर्मनीची झाली म्हणून काय, बाईच आहे ना? पाकीट उघडेल, एक जास्त दिसेल, म्हणेल, ही कोण आहे दिलदार? आणि मग तिला कळेल, घरात कुणाचा हात आहे.

मी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, “पाव्हनीले एक जास्तीना दिधा ते काय पाप लागस का?”

मी मान हलवली. बस. पंधराही जणींनी वर एक ठेवायला सुरुवात केली. कुणी प्रेमानं दोन ठेवले. चार दिवस खोलीत जुन्यासारखी गाणी, थट्टा. त्या पुठ्ठ्यावर कुणीतरी ओलं फडकं वाळत टाकलं, मी ते काढायला लावलं नाही.

माल बोटीनं गेला. दोन महिन्यांनी जाड पाकिटाचं पत्र आलं. जावेनं उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसली आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. बाईनं लिहिलं होतं, अर्ध्या पाकिटांत वीस पापड निघाले आणि अर्ध्यांत एकवीस किंवा बावीस. तिकडे तपासणाऱ्या माणसांनी माल अडवला आहे, कारण पाकिटावर लिहिलेलं आणि आतलं जुळत नाही. आणि पुढं असं: ‘वीस म्हणजे वीस नसतील, तर आत उडीद म्हणजे उडीदच आहे हे मी कशावरून धरू?’

माय म्हणाली, “कमी निघना का जास्ती निघना?”

“जास्त निघाले, माय.”

“मग ती रडस कसाले?”

कुणी हसलं नाही. जाऊ माझ्याकडे बघत होती. मी पिठाचा गोळा उलटा केला, सुलटा केला, तेल लावलं, पुन्हा उलटा केला. संध्याकाळी टेबलाशी बसून तिनं उत्तर लिहिलं, खाली कार्बन ठेवून, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टाकून आली.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माल परत आला असता तर पंधरा बायकांचं काम थांबलं असतं, आणि थांबलं असतं ते माझ्यामुळे. पण त्याहून मला काय कुरतडत होतं ते सांगते. तिनं माझ्याबद्दल काय लिहिलं असेल? ‘घरात एक अडाणी थोरली जाऊ आहे, ऐकत नाही’ असंच ना? मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठी मी शिकले तेही वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. तिसऱ्या दिवशी तिच्या फायलीतून मी ती कार्बनची प्रत काढली, पदरात लपवली, आणि चौकातल्या टायपिंग क्लासच्या सरांकडे गेले.

सरांनी चष्मा पुसला. “तुमच्या जाऊबाईंचं इंग्रजी फार सुरेख आहे हो!”

“ते राहू द्या. काय लिहिलंय ते सांगा.”

त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगितली. ‘झाली ती चूक सर्वस्वी माझी आहे. मी पाच दिवस गावी होते आणि मी दिलेल्या सूचना पुरेशा स्पष्ट नव्हत्या. माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मी सांगितलं तसंच केलं. पुन्हा असं होणार नाही.’

सर म्हणाले, “फारच मोठ्या मनाच्या आहेत.”

मला तर वाटलं, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं. माझी चूकसुद्धा तिनं घेतली. तेवढी तरी माझी राहू द्यायची होती! आणि वर ती मोठ्या मनाची, टायपिंगचे सर साक्षीला. रिक्षा न करता मी पायी घरी आले. येता येता माझा राग कुणावर आहे ते मला कळेना, तर मी तो तिच्यावरच ठेवला, सवयीनं.

ती माळवदावर उन्हात पापड उलटत होती. मी कागद तिच्यासमोर धरला.

“हे कुणी विचारलं होतं तुला?”

तिनं कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं. “सरांकडे गेलात?”

“माझी चूक तू का घेतलीस?”

“मग काय लिहायचं होतं?”

“खरं लिहायचं.”

“खरं?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला मी. “अक्का, मी भिंतीवर एवढं मोठं लिहून गेले होते. पंधरा जणींना ते वाचून दाखवलं होतं. तुम्ही एकदा मान हलवलीत आणि पंधराही जणींनी ते सोडून दिलं. हे मी तिला इंग्रजीत कसं सांगू? ते सांगितलं तर ती विचारेल, तुमच्या घरात बोलायचं कुणाशी?”

मी ती प्रत घडी करून कमरेला खोचली.

“कागद घे,” म्हटलं. “मी सांगते, तू लिही. एक शब्द बदलायचा नाही.”

ती खाली आली, पेन घेतलं. मी सांगत गेले. बाई, जास्तीचे पापड मी घातले. मला माहीत होतं, नको म्हणून. मुद्दाम घातले. आमच्यात मोजून दिलं की वर एक देतात. तो मालातला नसतो, माणसाला असतो. तुझ्याकडे त्याचा अर्थ वाईट होतो हे मला आता कळलं. आमचा उडीद उडीदच आहे.

“अक्का, ‘माणसाला असतो’ हे असं नाही लिहीत तिकडे. धंद्याच्या पत्रात.”

“लिही.”

तिनं लिहिलं.

“आणि लिही, माझ्या जावेचं इंग्रजी चांगलं आहे, पण पापडाला हात माझा आहे.”

तिनं पेन उचललं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. तिनं फक्त विचारलं, “हेही?”

“हेही.”

खाली मी माझी सही केली. मराठीत, चौथीतल्या मुलीसारखी. आणि दुसऱ्या दिवशी काय केलं असेल मी? लाज वाटते सांगायला. त्या पत्राची कार्बनप्रत घेऊन पुन्हा टायपिंगच्या सरांकडे गेले, तिनं काही बदललं का बघायला. सर वाचता वाचता ‘हात माझा आहे’ पाशी अडखळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक अक्षर बदललेलं नव्हतं. माझा टोमणा तिनं स्वतःच्या सुरेख इंग्रजीत जसाच्या तसा जर्मनीला धाडला होता.

उत्तर यायला दीड महिना लागला. तोवर रोज पोस्टमन दिसला की मी हातातलं टाकून दारात जायची. काम कमी झालं होतं, सहा बायकाच येत होत्या. माय रोज विचारायची, “उनी का वं चिठ्ठी?” आणि मी म्हणायची, “येईल.”

आली तेव्हा जावेनं आधी मला बसवलं आणि मग वाचलं. बाईनं गोड काही लिहिलं नव्हतं. माल सुटला, पाकिटं तिकडे माणसं लावून पुन्हा भरावी लागली, त्याचा खर्च आमच्याकडून कापला. पुढचा माल आधीच्या निम्मा. पण आहे! मग लिहिलं होतं: ‘पहिलं पत्र फार नीट होतं, पण त्यावरून मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या पत्रावरून कळलं की कोणी केलं आणि का केलं. म्हणून पुढचा माल घेते आहे. मला वरचा पापड नको. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी हवी, की या बाईनं स्वतः मोजले. त्यावर तिची सही हवी. मराठीत चालेल.’

जाऊ वाचायची थांबली. पहिलं पत्र तिचं होतं. तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला. मग तिचा चेहरा दिसला आणि तो आनंद पुरता भोगताही येईना.

“चहा टाकते,” मी म्हटलं.

“नको,” ती म्हणाली.

मी दुसऱ्यांदा विचारणार होते. नाही विचारलं. एकटीचाच टाकला. मग थोड्या वेळानं ती आपणहून आली आणि माझ्या कपातला अर्धा बशीत ओतून घेतला.

खोकी भरायचा दिवस आला. मी मोजायला बसले. इतकी वर्षं पापड केले, पण नेमके मोजून तिथंच थांबायचं माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. अठरा, एकोणीस, वीस, आणि हात पुढे जाई. मी तो मांडीखाली दाबून बसायची. माय समोरून बघायची आणि तोंडाला पदर लावायची. “हात बांधी ठेवू का वं तुना?” म्हणे. पंचवीस पाकिटांचं एक खोकं. प्रत्येक खोक्यात मी चिठ्ठी ठेवायची आणि सही करायची.

पहिलं खोकं झाल्यावर जाऊ दारात येऊन उभी राहिली.

“मोजलेत?”

“मोजले.”

“मी एकदा बघू?”

पूर्वी असतं तर मी लाटणं फेकलं असतं. मी खोकं तिच्याकडे सरकवलं. ती मांडी घालून बसली, एक पाकीट घेतलं, आणि पाकिटाच्या प्लॅस्टिकवरूनच अंगठ्यानं पापड सरकवत मोजायला लागली, ओठ न हलवता. वीस होते. दुसरं घेतलं. वीस. तिसरं.

तिची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालत होती. तेही मी बघितलंच.